मंडळाचा मिक्सर आणि कंपनीची लाख

चार बायका आणि एक मशीन एका खोलीत ठेवलं की किस्से आपोआप साचतात. कोपऱ्यात शेंगांची टरफलं साचतात ना, तसे. आज झाडून काढा, उद्या परत तेवढीच. आमच्या महिला मंडळाची खोली सोलापूरच्या बाळीवेशीत, मशीन म्हणजे मिक्सर, आणि मी सेक्रेटरी. सेक्रेटरी कशाला, तर मला इंग्रजी वाचता येतं असा सगळ्यांचा समज आहे. मी तो मोडलेला नाही.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करते, म्हणजे पुढं दुसऱ्यांना हसायला मोकळी.

मिक्सरच्या बुडाला जे स्क्रू आहेत त्यांवर कंपनीनं लाल लाख लावून दिली होती. कंपनीच्या माणसानं मला बजावलं, "बाई, ही लाख फुटली की गॅरंटी संपली." झालं. घरातल्या सोन्याला मी कधी एवढं जपलं नसेल. माझ्या इरकली खणाची खोळ शिवली त्याला. बुडाला कुणी फडकंसुद्धा लावायचं नाही. मंद्रूपला भाचीच्या लग्नाला गेले, तर मागं कुणी लाख फोडेल म्हणून मिक्सर मांडीवर घेऊन एस.टी.त बसले.

कंडक्टरनं खोळीकडं बघितलं आणि विचारलं, "याचं अर्धं तिकीट फाडू का?"

*

मिक्सर घेतला तो गौरक्कांसाठी. गौरक्का अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, आमच्यात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. मंडळाची शेंगाचटणी त्याच करायच्या, उखळात, तेल सुटेपर्यंत कुटून. त्यावर मंडळ चालायचं आणि त्यांचं घरही. कुटून कुटून त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आता थांबला नाहीत तर हा हात परत वर जायचा नाही. थांबल्या तर घरात काय शिजणार, हे डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. म्हणून मिक्सर.

तो कसा चालवायचा हे दाखवायला कंपनीचे साहेब पुण्याहून आले. ऐन उन्हाळ्यात सोलापुरात टाय लावून आलेला माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. ते म्हणाले, एक मिनिट चालवा, मग पाच मिनिटं विश्रांती द्या, नाहीतर मोटरला त्रास होतो.

गौरक्का खांदा चोळत बसल्या होत्या. "मोटरचं माहेर चांगलं हाय की," त्या म्हणाल्या.

*

मग साहेबांनी काय घालायचं नाही ते सांगितलं. तेलकट नको. शेंगदाणे तर अजिबात नकोत, कंपनीची परवानगी नाही.

आमच्या अध्यक्ष निर्मलाताई स्वभावानं फार सभ्य. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "मग सोलापुरात विकला कशाला?"

साहेब म्हणाले, कंपनी गावागावाचा वेगळा विचार करत नाही. मग काय घालायचं, हे विचारल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, कोल्ड कॉफी फार सुरेख होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिडक्या लावून चटणी केली. निर्मलाताई दारात पहारा देत उभ्या, जसं काही साहेब पुण्याहून सायकल मारत येणार होते. पहिला घाणा निघाला. गौरक्कांनी चिमूटभर जिभेवर ठेवली.

"चटणी न्हाई, भुकटी हाय," त्या म्हणाल्या. "पन हात गप हाय."

उखळात शेवटचे चार घाव घातले की भुकटीची चटणी व्हायची. गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. गौरक्का महिन्याभरात स्वतःचा अंबाडा स्वतः घालायला लागल्या.

*

आणि एक दिवस मिक्सर अडला. नुसता गुरगुरायचा, पातं काही फिरेना. शेजारी रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला भला माणूस स्वतः पेचकस घेऊन आला, म्हणाला उघडून तरी बघतो, पैसे देऊ नका. मी आडवी आले. लाख!

कंपनीला पत्र टाकलं. उत्तराची वाट बघत आम्ही बसलो आणि गौरक्का उखळापाशी बसल्या. हळूहळू खांदा परत सुजला. सून परत त्यांचे केस बांधायला लागली. मी रोज त्यांना धीर द्यायची, की काळजी करू नका, आपल्याकडं गॅरंटी आहे.

*

साहेब आले एकदाचे. मिक्सरजवळ गेले आणि हुंगलं. "यात शेंगदाणे घातले होते?"

मी म्हटलं, छे, कोल्ड कॉफी. गौरक्का छताकडं बघायला लागल्या. साहेबांनी भांडं उपडं केलं, तर त्यातून अर्धा शेंगदाणा टपकन टेबलावर पडला.

निर्मलाताई सभ्यपणे म्हणाल्या, "आमच्यात कॉफीत घालतात."

साहेबांनी वाद घातला नाही. म्हणाले, मशीन पुण्याला न्यावं लागेल, सोमवारी माणूस पाठवतो, परत मिळेल दिवाळीनंतर. तेव्हा नुकतीच नागपंचमी झालेली. मी म्हटलं, इथंच उघडा की. तर म्हणे त्यांना उघडायचा अधिकार नाही, ते फक्त बघतात.

मला जरा जोर आला. "पण साहेब, मशीन विकत घेतलंय ना आम्ही?"

"तुमचंच आहे हो," ते म्हणाले. "फक्त आतलं कंपनी बघते."

"मलाबी लग्नात असंच सांगितलं हुतं," गौरक्का म्हणाल्या.

*

साहेब गेल्यावर मीटिंग भरली. निर्मलाताईंचं म्हणणं, उघडू या. मी गॅरंटीच्या बाजूनं. माझंही अगदीच खोटं नव्हतं. मशीन सगळ्या बायकांच्या वर्गणीचं, उघडलं आणि बिघडलं तर तोंड कुणाला दाखवायचं? कंपनीनं काही विचार करूनच लाख लावली असेल ना. मी चांगलं लांबलचक बोलले.

गौरक्का उठल्या. डाव्या हातानं लोखंडी बत्ता उचलला आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवला.

"ह्यो तुमच्यापाशी असू द्या, वैनी. माझ्याच्यानं आता व्हत न्हाई. उद्यापास्नं मी येनार न्हाई."

आवाजात राग नव्हता. असता तर मी उलट बोलले असते.

टेबलाच्या खणातून मी पेचकस काढला. लाख पापडासारखी मोडली, आणि सवयीनं मी तिचा तुकडासुद्धा रुमालात बांधून ठेवला. स्क्रू निघाले, बूड निघालं. आत काही तुटलं नव्हतं, जळलं नव्हतं. झिरपलेली चटणी पातं फिरवणाऱ्या दांड्याभोवती बसून बसून चिक्कीसारखी कडक झाली होती, तेवढंच. गौरक्कांनी केसातला आकडा काढला आणि डाव्या हातानं सगळं खरवडून काढलं.

बूड बसवलं. बटण दाबलं. सुरू झाला की!

बाकीच्या हसायला लागल्या. मला मात्र घाम फुटला. गौरक्का शेंगदाणे ओतत होत्या, उजवा हात मांडीवर निवांत ठेवलेला. मी त्यांच्याशेजारी टेकले.

"गौरक्का," मी म्हटलं, "गॅरंटी गेली. सोमवारी त्यांचा माणूस येईल, त्याला काय सांगायचं? हे मशीन आता आपलं म्हणायचं का कंपनीचं?"

गौरक्कांनी बटणावर बोट ठेवलं.

"आधी झाकन धरा," त्या म्हणाल्या. "उडतंय."