इंग्रज घराण्याचं माहेर

ती पुस्तिका आमच्या घरात आहे, पण इतर पुस्तकांबरोबर कपाटात मी ती ठेवत नाही. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर शिडाचं जहाज, आणि आत एका इंग्रज घराण्याची सतराव्या शतकापासूनची हकिगत. त्या घराण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. तरी त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण मी शोधून काढलेलं आहे, आणि पुस्तिकेत माझं नाव कुठेही नाही. आभाराच्या पानावर ती लिहिणाऱ्या बाईंच्या कुत्र्याचं आहे.

२००५ च्या सुमाराला आम्ही हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला गेलो. नवरा सॉफ्टवेअरवाला, त्याच्या परमिटवर मी. तो सकाळी लॅपटॉप पाठीला मारून ट्रामने जायचा आणि मी खिडकीतून समोरच्या सायकली मोजत बसायचे. पुण्यात मी इतिहासात एम.ए. केलं होतं, मोडी शिकले होते आणि एका संस्थेत जुने कागद वाचून त्यांच्या नकला करायचं काम करत होते. पगार यथातथाच, पण लोक मला विचारायला यायचे. हे अक्षर लागत नाही, बघता का जरा? इथे मला विचारलं जायचं ते एवढंच, की कोथिंबीर कोणत्या दुकानात ताजी मिळते. नगरपालिकेच्या डच वर्गात मी नाव घातलं, पहिल्या बाकावर बसले, आणि वर्ष संपता संपता बऱ्यापैकी वाचायला लागले. बोलण्याची बोंबच होती, कारण बोलायला कुणी नव्हतं.

तळमजल्यावर एक इंग्रज बाई राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, डच नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सोबतीला एक म्हातारा, घोरणारा कुत्रा. जिन्यात पाय घसरून त्यांचा गुडघा दुखावला तेव्हा मी दोन दिवस वरण-भात खाली नेऊन दिला, आणि ओळख झाली. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागाच नव्हती. सगळीकडे कागद. आपल्या घराण्यातला एक माणूस अमेरिकेतल्या अगदी पहिल्या इंग्रज वसाहतकारांपैकी होता, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं. धर्मापायी इंग्लंड सोडून काही इंग्रज आधी इथे लायडनला येऊन राहिले होते, लोकर विंचरून, कापड विणून पोट भरत होते, आणि त्यांतले काही पुढे जहाजाने समुद्रापार गेले. बाईंचा पूर्वज त्यांच्यातलाच, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत त्याचे वंशज म्हणवणारे लोकही होते, चाळीस वर्षं बाईंचा त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. पण इकडचा धागा तिकडे जोडायला पुरावा नव्हता.

अडचण अशी, की लायडनमध्ये त्या नावाची दोन माणसं होती. दोघेही इंग्रज, दोघेही लोकरीच्या कामातले. एक लायडनमध्येच वारला, दुसरा जहाजावर चढला. बाईंच्या घराण्यातला कोणता? बाई वर्षानुवर्षं त्या दोघांच्या मागे लागल्या होत्या. जुनं डच अक्षर त्यांना लागत नव्हतं, डोळेही दाद देत नव्हते.

‘मला दाखवाल?’ मी म्हटलं.

त्यांनी दिलेली एका जुन्या नोंदीची नक्कल हातात घेतली आणि मला जे वाटलं ते नवऱ्यालाही कधी नीट सांगता आलं नाही. भाषा परकी, पण ते वळण ओळखीचं होतं. घाईत असलेला कारकून, हात न उचलता ओढत नेलेली ओळ, नेहमीच्या शब्दांची केलेली काटछाट. मोडी वाचणाऱ्याला हे कारकून अनोळखी नसतात. पहिल्या दिवशी मला चार शब्द लागले. आठवड्याने निम्मं पान लागलं.

मग आम्ही दर गुरुवारी लायडनला जाऊ लागलो. बसने स्किपोल, तिथून ट्रेन. बाईंच्या पर्समध्ये चीजचे सँडविच आणि माझ्या डब्यात थालीपीठ. जुन्या कागदांच्या कचेरीत कार्ड त्यांच्या नावाचं, मागणी त्यांच्या नावाने, आणि मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे मी. दोन हिवाळे असे गेले. मी त्यांना आजी म्हणायला लागले. त्याचा अर्थ सांगितला तर त्यांचे डोळे भरून आले. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, ही माझी वरच्या मजल्यावरची नात.

एकदा जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्या थालीपिठाला त्या ‘नको’ म्हणाल्या आणि मी ते त्यांच्या पानात वाढलंच. दचकल्या बिचाऱ्या. मग मी त्यांना आपली सगळी रीत समजावून सांगितली. पहिलं नको हे नुसतं चांगलं वळण. दुसरं नको आग्रह करणाऱ्याचा मान राखायला. तिसऱ्यांदा नको म्हटलं, तर मात्र पोट खरंच भरलं असं धरायचं. पहिल्या नकोला थांबतो तो यजमान कसला? बाई खूप हसल्या. तेव्हापासून आमच्या दारात आल्या की बोट वर करून अगदी मराठीत ‘नको नको’ म्हणायच्या आणि पाटावर बसल्यासारख्या ऐसपैस खुर्चीत बसायच्या.

आता त्या दोन माणसांचं. दुसऱ्या हिवाळ्यात एका गुरुवारी आम्ही कंटाळून कॉफी पीत होतो. मी सहज म्हटलं, ‘आजी, तुम्ही सारखं या बाप्यांच्या मागे आहात. बायकोचं माहेर कुठलं ते बघितलंत का?’

त्यांना कळेना. मी म्हटलं, आमच्याकडे नवी सून आली की पहिला प्रश्न हाच. माहेर कळलं की निम्मं घराणं कळतं, कारण सोयरीक काही आभाळातून पडत नाही, चार-दोन कोसांतलंच कुणीतरी जमवतं. आणि या डच लोकांनी तर बायकांची नावं लग्नानंतरही बापाच्या नावासकट लिहून ठेवलीत. मग शोधायला काय हरकत आहे?

जहाजावर गेलेल्या माणसाच्या लग्नाच्या नोंदीत नवरीचं गाव नव्हतं, पण तिच्याबरोबर साक्षीदार म्हणून तिची बहीण आली होती. मी ती बहीण धरली. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या नोंदीत तिचं इंग्लंडमधलं गाव होतं, आणि ते बाईंच्या मूळ गावाच्या अगदी शेजारचं निघालं. त्या भागातल्या चर्चच्या नोंदी आणि मृत्युपत्रांच्या नकला बाईंच्या टेबलावर कधीच्या पडून होत्या, त्यांनी फक्त त्यात बायका पाहिल्या नव्हत्या. दोघी बहिणी तिथे सापडल्या. त्यांच्या बापाच्या मृत्युपत्राला साक्षीदार होता बाईंच्या घराण्याचा मूळपुरुष. म्हणजे शेजारच्या गावातली, घरोब्यातली सोयरीक. म्हणजे जहाजावर गेलेला तोच यांचा.

बाई कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या होत्या. मला आईची आठवण आली. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं की हे आता माझंही घराणं झालं.

त्याच सुमाराला कचेरीतल्या एका गृहस्थांशी माझं बोलणं झालं होतं. जुनी अक्षरं वाचायला त्यांना माणसं लागायची, पगारी. परदेशी असलात तरी चालेल, म्हणाले, पण तुम्ही केलेलं काहीतरी छापलेलं दाखवा. बाईंची पुस्तिका छापली जाणार होती. त्यात माझं नाव असलं की मला ती घेऊन त्यांच्या टेबलापाशी जाता येणार होतं. हे मी बाईंना सांगितलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं होतं. रात्री झोपताना मी मनातल्या मनात त्या गृहस्थांशी डचमधून बोलायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाईंनी विचारलं, ‘पुस्तिकेत तुझं नाव घालू का?’

आणि मी म्हणाले, ‘अहो, नको. नाव कशाला? आपलंच तर काम आहे.’

का म्हणाले? तोंडातून दुसरं काय निघणार? आपल्या माणसाने विचारलं की कुणी ‘हो, घाला, पहिल्या पानावर घाला’ असं म्हणतं का? मी चहाचा कप हातात धरून पुढच्या विचारण्याची वाट पाहत राहिले. बाईंनी मान हलवली आणि अमेरिकेच्या पाहुण्यांना कुठल्या हॉटेलात उतरवायचं ते बोलायला लागल्या. मला वाटलं, विचारतील परत. उद्या विचारतील. छापायला जायच्या आधी तर विचारतीलच.

ऑगस्टमध्ये अमेरिकेतले नातेवाईक आले. लायडनमध्ये एक छोटं सभागृह घेतलं होतं. बाईंनी मला ‘ते बटाट्याचे’ करून आणायला सांगितलं होतं, म्हणून मी सकाळपासून वडे तळत होते. साडी नेसले, वडे घेऊन नवऱ्याबरोबर गेले. दारात प्रत्येकाला पुस्तिका मिळत होती. मी उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. आभार: दिवंगत पती, गुडघ्यावर उपचार करणारे डॉक्टर, छापखाना, आणि संशोधनाच्या एकाकी वर्षांत साथ देणारा कुत्रा. एकाकी! दोन हिवाळे मी यांच्या शेजारी बसून डोळे फोडले, आणि वर्षं एकाकी. कुत्रा तर एकदाही लायडनला आला नव्हता.

तरी मी मनाची समजूत घातली. छापायचं राहिलं असेल, बोलताना सांगतील.

बाई बोलायला उभ्या राहिल्या. छान बोलायच्या त्या. सगळे कान देऊन ऐकत होते. दोन माणसांचा घोळ सांगून झाला, आणि मग त्या म्हणाल्या, ‘एके दिवशी मी कॉफी पीत बसले होते आणि माझ्या मनात आलं, आपण पुरुषांच्या मागे का आहोत? बायकोचं माहेर कुठलं, ते तर आपण पाहिलंच नाही.’

टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं वाक्य, माझ्या आईचं, मावशीचं, आमच्याकडच्या यच्चयावत बायकांचं वाक्य, ही बाई आपलं म्हणून त्या लोकांना वाढत होती. नंतर एका अमेरिकन गृहस्थांनी मी कोण ते विचारलं. बाई म्हणाल्या, ‘आमची शेजारीण. खाण्याचं सगळं हिनेच केलंय.’ गृहस्थांनी वड्याची मनापासून तारीफ केली. मी थँक यू म्हटलं.

परतीच्या ट्रेनमध्ये नवरा म्हणाला, ‘अगं, पण तूच नको म्हणाली होतीस ना? तिला कसं कळणार? ते लोक लिटरली घेतात गं. तू मेल टाकायचीस, प्लीज इन्क्लूड माय नेम, विषय संपला.’

‘तिला माहीत होतं,’ मी म्हटलं.

‘काय माहीत होतं?’

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी खाली गेले. बाई टेबल आवरत होत्या. पहिल्यांदाच त्या टेबलाचं लाकूड दिसत होतं.

‘माझं नाव का नाही घातलंत?’

‘तू नको म्हणालीस.’

‘एकदाच म्हणाले. आमच्यात एकदा नको म्हणजे काय, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं.’

मला वाटलं होतं, त्या कावऱ्याबावऱ्या होतील, विसरले म्हणतील, अय्या असं कसं झालं म्हणतील. मी ते मानून घेतलं असतं. खरंच, मला तेवढंच हवं होतं.

त्या खुर्चीत बसल्या. ‘हो,’ म्हणाल्या, ‘माहीत होतं. म्हणूनच दुसऱ्यांदा विचारलं नाही.’

मी उभीच होते.

‘चाळीस वर्षं मी त्या लोकांना पत्रं लिहितेय,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना काय सांगू? आपलं घराणं आपल्यापैकी कुणाला सापडलं नाही, वरच्या मजल्यावरच्या एका परक्या मुलीला दोन हिवाळ्यांत सापडलं? तू तरुण आहेस. तुला दुसरं काहीतरी मिळेल. माझ्याकडे एवढंच आहे.’

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला तेव्हा समजलं. नुसतं चोरलं असतं, तर चोर म्हणून मोकळी झाले असते. पण मी जेवायला बसवून, जीव लावून जी रीत हिला सांगितली, तीच हिने नेमकी माझ्यावर वापरली. आणि नात म्हणणाऱ्या तोंडाने परकी म्हणाली. मी जिना चढून वर आले आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खूप रडले.

पुढे जिन्यात भेट व्हायची, गुड मॉर्निंग व्हायचं, बाकी काही नाही. गुरुवार आला की मला घरात बसवेना. ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी मी एकटीच लायडनला गेले. ठरवलं होतं, त्या गृहस्थांना गाठायचं आणि सरळ सांगायचं, हे काम माझं आहे, एक पान समोर ठेवा, वाचून दाखवते. डचमधली वाक्यं ट्रेनमध्ये घोकली होती. पण ते गृहस्थ दुसऱ्या गावी बदलून गेले होते. टेबलापाशी एक तरुण मुलगी होती, हसतमुख. कुठल्या घराण्याची माहिती हवी आहे, तिने विचारलं.

सवयीने माझ्या तोंडून बाईंचं आडनाव गेलं.

तिचा चेहरा उजळला. ‘मग तुम्ही नशीबवान आहात,’ ती म्हणाली, आणि मागच्या फळीवरून ती जहाजाची पुस्तिका काढून तिने माझ्यापुढे ठेवली. एका इंग्रज आजींनी एकटीने केलंय हे सगळं. फार सुंदर काम आहे. आता त्यात शोधायला काही उरलेलं नाही.

घोकलेली सगळी वाक्यं तोंडाशी आली होती. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, कौतुकाने, मी काही बोलेन म्हणून.

‘हो,’ मी म्हणाले, ‘फार छान केलंय त्यांनी.’

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने. बाईंचा राग आता पुष्कळ ओसरलाय, पण त्या वाक्याचा अजून येतो.