हेडफोनात रेश्मा आली का?

शनिवार होता. सकाळी मेथीची जुडी आणली, टेबलावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे हितेशभाईंच्या दुकानात गेलो. भाईंदर पश्चिमेला त्यांचं टीव्ही-टेपरेकॉर्डरचं दुकान. नवा वायरलेस हेडफोन आला होता. तो कानांवर चढवून मी कॅसेट ऐकत स्टुलावर बसलो होतो, त्यामुळे दुकानातला फोन वाजलेला मला कळला नाही. हितेशभाई काउंटरची फळी उचलून बाहेर आले आणि माझ्या डोक्यावरचा हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी काढला. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा माल ते स्वतः कधी काढत नाहीत.

"भाई, स्कूल से फोन है," ते म्हणाले.

सुलभा, माझी बायको, त्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. शिकवता शिकवताच कोसळली. हितेशभाई आणि मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

त्या दिवसाचं सांगण्यासारखं एवढंच. सांगायचंय ते वेगळंच आहे. नंतर लोक भेटायला यायचे, डोळे पुसायचे आणि चहा येईपर्यंत हमखास हेडफोनवर यायचे! "ते हरभऱ्याचं काय झालं होतं हो?" असं कुणीतरी विचारायचं आणि मग माझ्याच घरात मला हसू आवरायला लागायचं. किस्से हे रिकाम्या खोक्यांसारखे असतात. वॉरंटी आहे, लागेल कधीतरी, म्हणून माळ्यावर जातात, आणि एक काढायला गेलं की बाकीची अंगावर येतात. आमच्या माळ्यावर सगळी खोकी हेडफोनचीच आहेत.

*

वायरलेसचं खूळ घरात शिरलं ते शबाना सिस्टरमुळे. त्या नया नगरमधून आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. नर्स, कायम नाइट ड्यूटी, म्हणजे झोप दुपारी. आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगमधली भिंत ही भिंत नव्हेच, रंग दिलेला पडदा. आणि सुलभाला गाण्याशिवाय पोळ्या लाटता यायच्या नाहीत.

शबाना सिस्टरनी तक्रार केली नव्हती. सुलभानेच ठरवलं. "ती बिचारी रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी जागते. दुपारी तरी तिला झोपू दे."

मग मी लांब वायर जोडून साधा हेडफोन दिला. टेपरेकॉर्डर फ्रिजवर, सुलभा ओट्याशी. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दाराची बेल ऐकून ती हेडफोन घालूनच वळली! वायर ताणली आणि फ्रिजवरचा टेपरेकॉर्डर थेट खाली कणकेच्या परातीत.

मी धावत आलो. कणकेत रुतलेला टेप अजून वाजत होता. सुलभा शांतपणे म्हणाली, "राहू द्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गाणं स्वयंपाकाला हात लावायला आलंय."

*

हितेशभाईंच्या दुकानात एक पद्धत होती. ओळखीच्या माणसाने शनिवारी माल 'पसंतीवर' घरी न्यायचा, रविवारी वापरून बघायचा, नाही आवडला तर परत. रविवारी सकाळी ते स्वतःच निकाल ऐकायला आमच्या घरी यायचे. चौथा मेंबर डॉमनिक सर. ते समुद्रकाठच्या उत्तनचे. सुलभाच्या शाळेत बँड बसवायचे आणि लग्नसराईत ट्रम्पेट वाजवायचे. असं आमचं चौघांचं मंडळ.

हितेशभाईंचा जीव बेसवर. "टीचर, बेस सुनो! पंखा हिल जाएगा!" डॉमनिक सर फक्त ट्रम्पेट ऐकायचे. गाणं कुठलंही असो, ट्रम्पेट संपला की हेडफोन काढून ठेवायचे. मी म्हणायचो, "छान आहे." मला सगळेच छान वाटायचे.

सुलभाची परीक्षा निराळी होती. तिच्याकडे एक कॅसेट होती. तिच्याच वर्गातली. सुरुवातीला तिचा आवाज, "हं, मागचा बाक, तोंड उघडा!" आणि मग सगळा वर्ग एकोणिसाचा पाढा म्हणतो. सत्तेला आलं की सगळे एका दमात ओरडतात, "एकशे तेहेतीस!" आणि ते संपल्यावर मागच्या बाकावरून, एक श्वास उशिरा, एकच बारीक आवाज येतो, "...तीस."

ती रेश्मा.

"बेस काय, कुणीही वाजवेल," सुलभा म्हणायची. "ज्यात रेश्मा येते तो हेडफोन."

साध्या हेडफोनात सगळा वर्ग म्हणजे एक मोठा भोंगा असायचा. बऱ्यापैकी हेडफोनात सुलभाला रेश्मा ऐकू यायची. डॉमनिक सरांनाही यायची. बँडवाल्याचा कान! पुढे पुढे हितेशभाईंनाही यायला लागली. ते तर दुकानात गिऱ्हाइकांनाही सांगायचे, "इसमें रेश्मा आती है," आणि गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं.

मला मात्र रेश्मा कधीच ऐकू आली नाही. आणि सुलभाने जाहीर करून टाकलं, "यांना ऐकू येईल तोच फायनल. तोवर सगळे नापास." म्हणून तर आमचा शोध इतकी वर्षं चालला.

*

आवाज झाला, आता आराम. सुलभाच्या कानात लग्नातल्या मोत्यांच्या कुड्या. हेडफोनची गादी कुडीवर दाबली जायची आणि अर्ध्या तासात कानाची पाळी लालबुंद.

"टीचर, वो निकाल दो ना," हितेशभाई म्हणाले.

"हितेशभाई, हेडफोन बदलून मिळतो."

विषय संपला. पण दर वेळी आपलेच कान का दुखवायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता. माझ्या कानांना भोकं नव्हती. डॉमनिक सरांनी उपाय काढला. डब्यातले दोन हरभरे घेतले आणि चिकटपट्टीने माझ्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवर चिकटवले. वरून हेडफोन. "आता बसा तासभर. दुखला का सांगा."

मी बसलो. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीचं काहीतरी विचारायला आले. मी सभ्यपणे हेडफोन काढला. त्यांनी माझ्या एका कानाकडे पाहिलं, मग दुसऱ्या कानाकडे. टाकीचं विसरले.

"काय... कानाला काही झालंय का?"

आतून सुलभा म्हणाली, "काही नाही हो. भिजत घातलेत!"

*

मग एक इन्फ्रारेडचा आला. त्यात टीव्हीच्या रिमोटसारखं असतं. टीव्हीपाशी ठेवलेल्या डबीचा लाल दिवा आणि हेडफोन समोरासमोर हवेत. मध्ये कुणी आलं की आवाज गुल. सुलभा ओट्याकडे वळली की गाणं बंद, हॉलकडे वळली की सुरू. पहिल्या दिवशी तिने सगळी भेंडी हॉलकडे तोंड करून चिरली.

डॉमनिक सरांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझा दाढीचा आरसा असा काही तिरका लावला, की उजेड त्यावर आपटून ओट्यापर्यंत पोचायला लागला. उत्तम! फक्त हॉलमधून जाताना डबीसमोर वाकायचं, नाहीतर आतून आरोळी, "अहो, लता... आपलं, गाणं गेलं!" आठवड्याभरात आम्हाला वाकायची सवयच लागली.

अशात पुण्याहून माझे नानाकाका आले. आम्ही दोघे येता-जाता त्या लाल दिव्यासमोर वाकतोय, हे त्यांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले, डबीसमोर उभे राहिले, डोळे मिटून दोन्ही हात जोडले आणि सुलभाला म्हणाले,

"सूनबाई, यांना नैवेद्य काय चालतो?"

*

आरसा माझ्या दाढीसाठी परत मिळाला तो रेडिओवाला हेडफोन आल्यावर. याचा आवाज भिंतीतूनही जातो, समोर असावं लागत नाही. "पूरा सौ मीटर!" हितेशभाई म्हणाले.

डॉमनिक सरांचा कंपन्यांवर विश्वास नाही. ते तो उत्तनला घेऊन गेले. डबी घरात लावली, हेडफोन डोक्यावर चढवला आणि आवाज कुठे तुटतो ते बघायला चालत सुटले. अंगण गेलं, आवाज आहे. मासळी वाळत घालायच्या बांबूच्या परातींच्या मधून, त्यांच्या आडव्या वलांडीखालून वाकून, किनाऱ्यावर आले, आवाज आहे. होड्यांपाशी बसलेल्या माणसांना वाटलं, सरांना बँडची सुपारी समुद्रात मिळाली की काय. शेवटी गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले, "हाय! अजून हाय!"

मागे घराच्या दारात त्यांची बायको केव्हाची हाका मारत होती. जेवण निवून गेलं. शेवटी ती पाण्याच्या कडेपर्यंत आली आणि तिने तो हेडफोन त्यांच्या डोक्यावरून उपटला. "कवाची बोंबलतेय मी! बहिरा झाला का तू?"

रविवारी सरांनी रिपोर्ट दिला. "आवाज एकदम साफ, बाई. ट्रम्पेट कसा, समोर उभा. पण एक खोट हाय. कानाला लावला की बायकोचा आवाज अजिबात येत न्हाय."

सुलभा हितेशभाईंकडे वळली. "मग किंमत बरोबर आहे!"

त्यात रेश्मा तिला स्पष्ट आली. कुडीलाही तो कमी टोचायचा. मला रेश्मा आली नाही. "काम चालवायला ठेवू या," ती म्हणाली. "फायनल नाही हं."

*

मध्ये एकदा हितेशभाईंनी स्वतःच कानात ब्लूटूथचं ते निळं लुकलुकणारं यंत्र घालायला सुरुवात केली. गिऱ्हाईक समोर आणि हे हवेत बघून म्हणताहेत, "अरे, ले जा, ले जा, फ्री में ले जा!" पलीकडे त्यांचा भाचा होता, विषय गावाकडून आलेल्या आंब्यांचा होता. समोरचे एक आजोबा मिक्सर उचलून दुकानाबाहेर पडले.

हितेशभाईंनी त्यांना रस्त्यात गाठलं, पण आजोबा ऐकेनात. "तू म्हणालास!"

*

आता शेवटचा.

सुलभाला जाऊन काही आठवडे झाले होते. दुपारची वेळ. दाराची बेल वाजली. शबाना सिस्टर होत्या, हातात शेवयांचा डबा. बसल्या, पण काहीतरी बोलायचं राहिल्यासारख्या.

"भाईसाहब, बुरा मत मानना. एक बात पूछूँ?"

"पूछिए ना."

मग त्यांनी सांगितलं. टीव्हीसाठी त्यांनीही एक वायरलेस हेडफोन घेतला होता. हितेशभाईंकडूनच. आमचा होता तोच, त्याच लॉटमधला. ड्यूटीवरून आल्या की बाहेरच्या बांधकामाचा आवाज नको म्हणून त्या टीव्ही न लावता नुसताच तो कानांवर घालून पडायच्या. आणि शनिवारी-रविवारी दुपारी त्यात आपोआप पाढे लागायचे!

"मैं समझी, रेडियो पे पढ़ाई का प्रोग्राम है. बहुत दिन तक यही समझी." त्या हसल्या. "फिर एक दिन सीढ़ी पे सुलभा बाजी किसी बच्चे को डाँट रही थीं. वही आवाज! 'मागचा बाक, तोंड उघडा!' तब पता चला, ये तो आपके घर से आता है."

म्हणजे शेजारणीला त्रास नको म्हणून आम्ही जो हेडफोन आणला, तोच इतके दिवस भिंतीतून तिच्या कानात एकोणिसाचा पाढा म्हणत होता.

"बताया क्यूँ नहीं?" मी विचारलं. "आपकी नींद..."

"अरे, नींद तो उसी से आती थी! आठ तक पहुँचने से पहले सो जाती थी मैं." मग म्हणाल्या, "वो सात पे सब बच्चे चिल्लाते हैं ना, उसके बाद पीछे से एक छोटी-सी आवाज आती है. अकेली. 'तीस.' कौन है वो बच्ची?"

"रेश्मा," मी म्हणालो.

"हाँ? अच्छा नाम है." त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "किसी दिन दोपहर को लगा दीजिए ना, भाईसाहब. आपको ठीक लगे तब."

"लगाऊँगा," मी म्हणालो.

त्या शनिवारचा नवा हेडफोन हितेशभाईंनी नंतर स्वतः घरी आणून ठेवला. कॅसेटही त्याच खोक्यात आहे. त्यांनी ती मागे फिरवलेली नाही. ते काउंटरमागून आले तेव्हा मी तीच ऐकत होतो, आणि वर्ग एकोणीस सकवर होता.

पुढचं अजून ऐकायचं राहिलंय.