दंडार पुसली त्याची गोष्ट

ड्रामाच्या डिग्रीच्या प्रवेश-फॉर्ममध्ये ‘नाट्यविषयक अनुभव’ असा रकाना होता. माझी विद्यार्थिनी कविता हिने तिथे पेन्सिलीने ‘दंडार’ लिहिलं होतं. मी खोडरबर घेतलं आणि ते पुसून टाकलं.

“काहून पुसलं सर? मले तेच तर येते.”

“युनिव्हर्सिटी आहे ती. गावातलं काही काढायचं नाही. त्यांनी विचारलं तरी नाही.”

दंडार म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं गावकऱ्यांचं नाटक. गाणी, नाच, सोंगं आणि बाईचं काम करायला पुरुष. अनसिंगजवळच्या एका खेड्यात कविताचे वडील नामदेवभाऊ कित्येक वर्षं लुगडं नेसून ते काम करत. नेसवून द्यायची कविता. त्यांचे सगळे संवाद तिला तोंडपाठ. मी वाशीमच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो, गॅदरिंगची नाटकं बसवायचो. तेवढ्यावर नाटकातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. पुसलेल्या जागी मी बसवलेल्या दोन एकांकिकांची नावं लिहायला लावली.

ड्रामाच्या डिग्रीला नुसते बारावीचे मार्क पुरत नाहीत. ऑडिशन असते. म्हणजे परीक्षकांसमोर काहीतरी करून दाखवायचं आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. नामदेवभाऊंनी आधीच बजावलं होतं, “सर, एकच खेप. नाई झालं तर वाशीमले बी.ए.”

ऑडिशनला नामदेवभाऊ तिच्यासोबत गेले होते. त्या दिवशी दुपारी कविताचा फोन आला.

“सर, त्यायनं विचारलं, तुमच्याकडं दंडार असते ना? येते का त्यातलं काही?”

“मग?”

“तुमी सांगतलं तसंच म्हटलं. आमच्याकडं नसते. बाबा दारातच उभे होते सर.”

लिस्ट लागली, तिचं नाव नव्हतं. कारण कोणी सांगत नसतं.

मी त्यांच्या घरी गेलो. चूक माझी आहे, पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा, असं हात जोडून म्हटलं. नामदेवभाऊंनी आधी चहा दिला.

“राहू द्या सर,” ते म्हणाले. “बापाचं काम लपवा लागते, तिथं पोरीले कायले पाठवू?”

तिथल्या लोकांनी लपवायला सांगितलंच नव्हतं. सांगणारा मी होतो, त्यांच्याच बाजेवर बसलेला. हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. कविता आतून बाहेर आली नाही.

ती वाशीमला बी.ए. झाली. गावात दंडार अजून होते, नामदेवभाऊ मात्र त्यात उभे राहत नाहीत.

मुलाला काय शिकवायचं ते ठरवण्याआधी त्याला काय येतं ते विचारावं, एवढा धडा मी नोकरीच्या शेवटच्या वर्षी शिकलो. त्यानंतर ड्रामाला जायचं म्हणणारं कोणी माझ्याकडे आलं नाही.