अण्णाला चेंडू दिसेपर्यंत

परवा एकवीस जूनला आमच्या वडगावात बेसबॉल झाला... हो, बेसबॉलच. शाळेत पीटीच्या सरांनी नाद लावला, तो अजून सुटलेला नाही. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, म्हणून दुपारी सुरू करायचं आणि उजेड असेपर्यंत खेळायचं. लाईट लावायची नाही.

उजेड संपला हे ठरवतो अंपायर, म्हणजे माझा थोरला भाऊ अण्णा. त्याला चेंडू दिसेना झाला की मॅच बंद, तेव्हा जो पुढे तो जिंकला. घरच्या पॉवरलूमवर केसासारखे धागे जोडणारे डोळे ते, त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा.

यंदा शुगरने ते डोळे खाल्लेत. एक गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याचं डॉक्टर काही धड बोलत नाहीत. मी नको नको म्हणत होतो, तरी अण्णा आलाच... हट्टी माणूस.

मी कॅचर, बॅट्समनच्या मागे चेंडू झेलणारा, म्हणजे अगदी त्याच्या पुढ्यात बसलेला. थोड्याच वेळात कळलं, अण्णाला चेंडू दिसतच नाहीये. माझ्या ग्लोव्हमध्ये तो आदळल्याचा आवाज ऐकून अंदाजाने निर्णय देतोय.

समोरची खासबागची टीम एका रनने मागे होती आणि तिन्ही बेसवर त्यांची माणसं उभी, एक चांगला फटका बसला की मॅच त्यांची. बॅटिंगला त्यांचा कॅप्टन, एकेका बॉलसाठी भांडणारा नंबर एकचा भांडखोर. तेवढ्यात अण्णाने हात वर केला.

"बास रं... दिसंना आता."

पावसाने उघडीप दिली होती. मैदानभर स्वच्छ ऊन पडलं होतं...

कॅप्टनने आभाळाकडे पाहिलं, मग अण्णाकडे. बॅट काखेत मारली आणि म्हणाला, "व्हय अण्णा, लई अंधार पडलाय. चला रं."

घरी जाताना वाटेत अण्णा मध्येच थांबला. "ऊन हाय न्हवं रं अजून? मानेला लागतंय."

मी "न्हाय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो...

खासबागच्या पोरांनो, हातातली मॅच सोडलीत, तुमचे उपकार विसरणार नाही. पण घरचा माग असं थोडंच काही सोडतो?

आज सकाळी अण्णाने माग सुरू केला. थोड्या वेळात माग थांबला, धागा तुटला असणार. मग बराच वेळ खडखडाट परत सुरूच झाला नाही... मी दाराबाहेर उभा होतो, आत जायचा धीर झाला नाही.