एका लुगड्याचा ताणा

नागपुरात तेव्हा म्हातारं माणूस आजारी पडलं की त्याचा आजार त्याला सोडून सगळ्या मोहल्ल्याला माहीत असायचा. मी घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी नर्स. "रोग्यापुढे ब्र काढायचा नाही," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं, कारण माझी जीभ त्यांना चांगली ठाऊक होती.

अशाच एका घरातला माझा म्हातारा रोगी कोष्टी होता, हातमागावर लुगडी विणणारा. पोटातली गाठ फार वाढली होती. जेमतेम महिना काढतील असं डॉक्टरांना वाटत होतं. मुलानं आणि डॉक्टरांनी परस्पर ठरवलं, त्यांना सांगायचं नाही आणि सकाळ-संध्याकाळ गुंगीचं इंजेक्शन द्यायचं. दुखणंही कळायला नको आणि त्यांनी काही विचारायलाही नको. चार दिवस मी निमूट सुई टोचली. त्याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी माझा हात धरला. "काहून निजवून राहिली वं मले? माग रिकामा पडला हाये. खरं सांग, काय झालं मले?"

"तब्येत सुधरून राहिली तुमची, बाबा," मी म्हणाले. इतकं कच्चं खोटं मी शाळेतही बोलले नव्हते. म्हातारा हसला.

"बरं, जाऊ दे. ताणा चार लुगड्यांचा लावू का दोनाचा?"

मी कोष्ट्याचीच लेक, हे त्यांना माहीत होतं. ताणा म्हणजे मागावर एकदाच लावायचे उभे धागे; जितक्या लुगड्यांचा लावला तितकी विणून पुरी करावी लागतात. अर्धवट राहिलेलं लुगडं दुसऱ्यानं पुरं केलं की धागा ठोकून बसवणारा हात बदलतो आणि कापडात तो जोड कायम दिसतो. अशा तब्येतीत चार लुगडी म्हणजे दीड महिना, आणि दोनाचाही भरवसा नव्हता. तोंडानं खोटं बोलणं मला जमलं होतं. एका विणकराचं कापड बिघडवणं माझ्याच्यानं होईना.

"एकाचाच लावा, बाबा."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "मंग काठ चांगला घेतो."

मी सकाळचं इंजेक्शन दिलं नाही आणि तडक जाऊन डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी मला यथेच्छ झापलं, पण शेवटी संध्याकाळचं तेवढं चालू ठेव म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी ताणा चढवून दिला. मुलगा गिरणीतून आला आणि मागाकडे पाहून दारातच थबकला. जन्मभर चार लुगड्यांचा ताणा लावणाऱ्या बापानं एकाचाच लावलाय, याचा अर्थ त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो माझ्यावर भडकणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. तो मात्र बापाशेजारी बसला आणि आडव्या धाग्याच्या कांड्या भरू लागला.

"ढिली भरून राहिला गा," बाप खेकसला.

पुढचे अकरा दिवस त्या घरात जाताना मला सणाला गेल्यासारखं वाटे. बाप विणायचा, थकला की पडायचा, पुन्हा उठायचा, आणि लेक शिव्या खात कांड्या भरायचा. एवढी समाधानी मी नोकरीत क्वचितच होते.

अकराव्या दिवशी लुगडं उतरलं. बाबांनी काठावरून बोट फिरवलं आणि अंथरुणावर पडले.

"पोरी," ते म्हणाले, "उद्यापासून सकाळची सुईबी देत जा वं मले."