कामाक्षीला मत न देणारे राघोत्तमराव

राघोत्तमरावांना गोड खोटं बोलता येत नाही, हे मला त्यांच्या ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या बँकेतल्या बदलीनं आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो, एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत बिऱ्हाड थाटलं, आणि खालच्या मजल्यावर मराठी माणूस राहतो म्हटल्यावर मी हौसेनं करंज्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ताटली परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, सारण चांगलं होतं, पण कडा जाड राहिल्या. दहापैकी आठ. मी दार लावलं ते आपटूनच. याला चोवीस वर्षं झाली. मी अजून करंज्या देते आणि आठाचे नऊ काही झालेले नाहीत.

राव तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इकडलेच झाले. आपण 'सगळे' म्हणतो तिथे ते 'अस्की' म्हणतात, आणि हेल असा की ऐकणाऱ्याला आधी तमिळच वाटावं. रेल्वेच्या हापिसात छत्तीस वर्षं कारकुनी केली. बायको गेल्यापासून एकटेच असतात. आणि हा माणूस, ज्याच्याकडे बघून वाटावं की पंखा पाचवर लावला तर उडून जाईल, तो तीस वर्षं बॉक्सिंगचा पंच होता. कसा झाला? तर रेल्वेच्या कुठल्याशा स्पर्धेत घंटा वाजवणारा आला नाही म्हणून साहेबांनी यांना बसवलं. तीन दिवस यांनी घंटा एका सेकंदानं इकडेतिकडे होऊ दिली नाही. मग म्हणाले परीक्षा द्या, पंच व्हा. झाले.

पंचाचं काम काय असतं ते मला त्यांनीच समजावलं. रिंगच्या कडेला खुर्ची टाकून पाच पंच बसतात. फेरी संपली की जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, फारच मार खाल्ला असेल तर आठ. आकडा तिथल्या तिथे लिहायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. टाळी वाजवायची नाही. खेळाडू रडला, त्याची आई रडली, तरी मान वर करायची नाही. राव तर लढती संपेपर्यंत संयोजकांचा चहासुद्धा घेत नसत. मी म्हटलं, चहात कोण कुणाला विकत घेतंय? तर म्हणाले, चहा गरम असेल तर मन प्रसन्न होतं, आणि प्रसन्न मनाला चूक दिसत नाही. आता अशा माणसाशी काय बोलायचं!

निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी उत्तर चेन्नईतल्या एका बॉक्सिंगच्या हॉलमध्ये जाऊन बसू लागले. तिथे कामाक्षी यायची. एन्नोरच्या कोळीवाड्यातली पोर, अकरा वर्षांची असल्यापासून पहाटेच्या गाडीनं येणारी. शिकवणारे गुरुजी वेगळे होते. राव फक्त तिच्या सरावाच्या लढतींना गुण द्यायचे आणि शेवटी सांगायचे. पंधरा वर्षं सांगितले. त्यात 'हरलीस' असंच जास्त वेळा. हॉलमधले अस्की लोक (हे बघा, मलाही सवय लागली) 'सूपर, सूपर' करत असताना हे म्हणणार, दुसऱ्या फेरीत डावा हात खाली होता, फेरी गेली. ती चिडायची, पण त्यांच्याकडेच यायची. माझ्याकडेही यायची, कारण रावांकडे खायला काही नसायचं. मला अक्का म्हणते. आमचं बोलणं तमिळमधून चालतं, इथे मराठीत सांगते.

गेल्या वर्षी कामाक्षी आशियाई स्पर्धेच्या फायनलला गेली आणि हरली. तीन पंच समोरच्या मुलीकडे, दोन हिच्याकडे. रौप्यपदक आलं. विमानतळावर हार, ढोल, पुढारी, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की खरी तूच जिंकलीस, पंचांनी खाल्लं. पोरगी ऐकून ऐकून गप्प होत गेली. महिनाभरानं तिचं हॉलवर येणंच थांबलं. रेल्वेत नोकरी होती, सव्विसावं लागलं होतं. जानेवारीत राष्ट्रीय शिबिराचं पत्र आलं, पंचवीस तारखेच्या आत हजर व्हा म्हणून, तर ते तिनं घडी घालून ठेवून दिलं.

मी तिला गाठलं आणि विचारलं, तुझं म्हणणं तरी काय? तिनं सरळ सांगितलं. खरंच जिंकले असेन, तर परत जाईन आणि त्या मुलीला परत गाठीन. खरंच हरले असेन, तर माझी धाव तेवढीच होती, थांबते. पण खरं कोण सांगणार? मी म्हटलं, रावांनी सांगितलंय की! त्यांनी टीव्हीसमोर बसून गुण मांडले होते आणि त्याच दिवशी तिला फोनवर सांगितलं होतं, की एकोणतीस-अठ्ठावीस, तू जिंकलीस. ती हसली. म्हणाली, अक्का, रावसारही म्हातारे झाले आता. त्यांनाही मी 'पावम्' वाटले असेन. पावम् म्हणजे बिचारं. इथे दर दोन वाक्यांमागे कुणीतरी कुणाला पावम् म्हणत असतं. प्रेमाचाच शब्द आहे, पण तिला तो दगडासारखा लागला होता.

नेमका तेव्हाच एका वृत्तवाहिनीचा राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार निघाला. त्यात 'वर्षाचा लोकप्रिय खेळाडू' लोकांनी निवडायचा. पाच नावं होती. एक बुद्धिबळवाला, एक बॅडमिंटनवाली, एक भालाफेकवाला, हॉकीची एक गोलकीपर, आणि आमची कामाक्षी. एका फोननंबरवरून एक मत, मुदत वीस तारखेपर्यंत. मला वाटलं, देवच पावला. देशभरातून मतं पडली की पोरीच्या मनातली जळमटं जातील. मी पदर खोचला.

पण बॉक्सरला मत कोण देतो हो? आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तर बायका म्हणाल्या, मुलगी गोड आहे पण नाकाचं काय करून घेतलंय. टी. नगरमध्ये माझ्या नेहमीच्या साडीवाल्याला फोन काढायला लावला, तर त्यानं माझ्यासमोर बुद्धिबळवाल्याला मत दिलं. वर म्हणतो, तो कसा सरळ बसतो बघा. बँकेतल्या वेंकटनं तर सांगितलं, की मारामारीला कसलं बक्षीस मॅडम. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला चहाच्या सुट्टीत असं काही झापलं की त्यानं कामाक्षीला मत देऊन मला पडद्याचा फोटो दाखवला. आमच्या कृष्णकांतरावांचं मत मी स्वतःच दिलं. नवऱ्याला विचारायचं काय त्यात?

राघोत्तमरावांचं मत तर धरूनच चालले होते. त्यांच्या फोनमधलं सगळं काही मीच करते, म्हणून फोन मागितला. तर म्हणाले, थांबा, आधी पाचांचाही खेळ पाहायला हवा. मला वाटलं थट्टा करताहेत. कसली थट्टा! रोज चार वाजता मी बँकेतून फोनवर खेळ शोधून पाठवायचे आणि हे चष्मा लावून बघायचे. बॅडमिंटनचे सामने बघितले. भाला किती वेळा फेकला ते बघितलं. बुद्धिबळ कळेना तर चौथ्या मजल्यावरच्या राजगोपालना बोलावून समजून घेतलं. नऊ दिवस. प्रत्येकाला पन्नासपैकी गुण. मी सांगून थकले, की राव, हे लोकप्रियतेचं मत आहे, जो आवडतो त्याला द्यायचं. त्यांचं एकच, मग त्यात माझा काय उपयोग?

वीस तारखेला संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि फोन हातात दिला. म्हणाले, "गोलकीपर एकोणपन्नास. कामाक्षी सत्तेचाळीस, तिसरी. गोलकीपरचं बटण दाबा."

 पंधरा वर्षं जी मुलगी समोर वाढली तिला तिसरा नंबर! ती घरी बसलीये, शिबिराला पाच दिवस उरलेत, आणि हा माणूस दोन गुणांचा हिशेब करतोय. मनात म्हटलं, राहू द्या तुमची गोलकीपर. आणि मी कामाक्षीचं बटण दाबलं. त्यांना सांगितलं, झालं. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेले.

तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली! घरी येऊन लगेच कामाक्षीला फोन केला. अगं, रावांनी तुला मत दिलं. पाचही जणांचा खेळ बघून दिलं.  तर म्हणाली, बरं झालं अक्का, कळलं. मी विचारलं, काय कळलं? तर म्हणाली, त्या गोलकीपरचा खेळ मी बघितलाय, ती माझ्यापेक्षा सरस आहे. रावसारना दिसलं नसेल असं होणार नाही. म्हणजे त्यांनी मायेनं मत दिलं. म्हणजे फायनलचे गुणही मायेनंच दिले होते. उद्या शिबिराला नकार कळवते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी हातातला फोन तसाच धरून बसून राहिले. कृष्णकांत म्हणाले, जेवून घे. मी ताट झाकून ठेवलं. त्या मुलीला जगात एकाच माणसाचा शब्द खरा लागणार होता, आणि तोच मी माझ्या अंगठ्यानं खोटा केला होता. मला माझीच लाज वाटली.

सकाळी पहिलं काम केलं ते खाली जाऊन रावांना सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणं बंद होणार.  त्यांनी विचारलं, मत बदलता येईल का? नाही म्हटलं. तर म्हणाले, त्या गोलकीपरचं एक मत गेलं हो. माझ्यावर रागावले असते तर परवडलं असतं. मग मी कामाक्षीचं सांगितलं, तसे उठले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि चपला शोधू लागले.

बीच स्टेशनला गाडी बदलून आम्ही एन्नोरला उतरलो. वीजकेंद्राच्या चिमण्यांखालून, राखेनं करड्या झालेल्या रस्त्यानं कोळीवाड्यात पोचलो. कामाक्षी आणि तिची आई दारात बसून फाटलेलं जाळं सांधत होत्या. आम्हाला बघून ती लगबगीनं उठायला गेली. राव म्हणाले बस, आणि स्वतः समोरच्या उलट्या होडीला टेकून उभे राहिले. नकार कळवलास का, हे त्यांनी आधी विचारलं. ती म्हणाली, अजून नाही, संध्याकाळी. मग मी सगळं कबूल केलं, एका दमात, मान खाली घालून. कामाक्षी माझ्याकडे बघेचना. ती रावांकडे बघत होती.

"म्हणजे तुम्ही मला मत दिलं नाही?"

"नाही. तिसरी आलीस तू. तुझ्या वर्षात दोन लढती आळसानं गेल्या."

तिच्या आईला ते आवडलं नाही. घरी येऊन पोरीला तिसरी म्हणतात म्हणजे काय, असं ती पुटपुटली. कामाक्षीनं हातानंच तिला थांबवलं आणि विचारलं, "आणि फायनल?"

"एकोणतीस-अठ्ठावीस. पहिली फेरी तिची, पुढच्या दोन तुझ्या. तेव्हाच सांगितलं होतं."

"मी पावम् वाटले म्हणून नाही ना, सार?"

राव चिडले. चोवीस वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच. म्हणाले, "पावम् वाटली असतीस, तर मत नसतं का दिलं?"

 कामाक्षीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, फायनल हरल्यावरही आलं नव्हतं तसं, आणि तिनं ते पुसलंही नाही. मग मांडीवरचं जाळं तिनं बाजूला सारलं, उठली, आणि आईला विचारलं की तिची शिबिराची बॅग कुठे ठेवली आहे.