आम्ही तान्हं बाळ मागितलं होतं

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. रविवारची मराठी उपासना संपली की देवळाच्या व्हरांड्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका माझा हात हातात घ्यायच्या, "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं," म्हणायच्या आणि त्यांची नजर हळूच माझ्या पोटाकडे जायची. मला राग यायचा नाही. मी स्वतःही रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी तेच मागत होते. मागण्यातही मी अगदी नेमकी होते. तान्हं बाळ हवं, आमचं स्वतःचं हवं, आणि जमलं तर मुलगी.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही नुकतेच वासण्याला राहायला आलो होतो. तेव्हा तिकडे सोसायट्या कमी आणि शेतं जास्त होती. मी एका मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवायचे. माझे यजमान एका कारखान्यात पाळीवर काम करायचे. नव्या घरात एक छोटी खोली होती. तिच्यात आम्ही काहीच ठेवलं नव्हतं. ती कशासाठी रिकामी आहे हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, पण साधा गहू-तांदळाचा डबासुद्धा तिथे जायचा नाही.

अशात नगरहून निरोप आला की माझी नणंद कावीळ होऊन गेली. आम्ही पोचलो तोवर मूठमाती देण्याची वेळ झाली होती. कबरस्तानातून परत आल्यावर घरात सगळे नातेवाईक बसले आणि नणंदेच्या मुलीचं काय करायचं यावर बोलणं सुरू झालं. मुलगी सातवीत होती.

"मी दिवसभर कामावर. वयात येणारी पोर घरात एकटी कशी ठेवू?" तिचे वडील म्हणाले.

"वसतिगृहात ठेवा," तिची थोरली आत्या म्हणाली. "तिथे शिस्त लागेल."

मुलगी आतल्या दारात उभी होती. हातात धुतलेली ताटं होती आणि ती फडक्यानं एकेक पुसत होती. तिला सगळं ऐकू जात होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझे यजमान गप्प होते आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते. पुढे एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या मनात होतं गं. पण भार तुझ्यावर पडणार होता. मी बोललो असतो तर तुला नाही म्हणता आलं नसतं."

मी उठून मागच्या अंगणात गेले. धुण्याच्या दगडापाशी उभी राहून देवाला सरळ सांगितलं की मी हे मागितलं नव्हतं. मी बाळ मागितलंय. ही एवढी मोठी मुलगी, दुसऱ्याची, आईसाठी रडणारी, हिला मी काय देणार? आवाज वगैरे काही आला नाही. पण थोड्या वेळानं माझ्याच मागण्याकडे मला निराळ्या बाजूनं बघता आलं. इतकी वर्षं मी देवाकडे मूल मागत होते, आणि आत दारात एक मूल उभं होतं. मग नाही म्हणायला मला जागा उरली नाही.

मी आत आले आणि म्हणाले, "ती आमच्याकडे येईल."

इथे एक सांगून ठेवते. त्या क्षणी मला प्रेमाचं भरतं वगैरे आलं नव्हतं. देवाची आज्ञा पाळायची तर आधी मन भरून यावं लागतं, असं मला लहानपणापासून वाटायचं. त्या दिवशी मी कोरड्या मनानंच हो म्हटलं, आणि ते हो म्हणणं तरीही खरं होतं.

नगर-बडोदा एसटीनं आम्ही तिघं परत आलो. रिकाम्या खोलीत तिची ट्रंक गेली. ती मला मामी म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. विचारलं तेवढंच बोलायची. माझ्याच शाळेत तिचं नाव घातलं. शेजारच्या बेननी तिला ओट्यावर बसवून गुजराती शिकवायला घेतलं, आणि आमच्यापेक्षा त्यांच्याशीच ती जास्त मोकळी झाली.

आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना असायची. सुरुवातीला ती येऊन बसायची. एका संध्याकाळी मात्र ती बसलीच नाही. चटईच्या कडेला उभी राहून म्हणाली, "मी नाही बसणार. आई आजारी होती तेव्हा सगळ्यांनी प्रार्थनाच केली होती. पाळकसाहेब पण आले होते. काय झालं?"

माझ्या माहेरी असं कुणी बोललं असतं तर सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. यजमानांनी मात्र शांतपणे तिच्याकडे पाहिलं. "बरं. प्रार्थनेला नको बसूस," ते म्हणाले. "पण जेवायला आमच्याबरोबरच बसायचं. चालेल?"

तिनं मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली.

नंतर मी त्यांच्यावर चिडले. "अहो, तुम्ही तिला मोकळीक देऊन टाकलीत."

"तिनं जे विचारलं त्याचं उत्तर आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"माझ्याकडेही नाही. मग तिला खोटं खोटं डोळे मिटून बसायला का लावायचं? आपण आपलं काम करू. देव त्याचं करील."

तेव्हापासून आम्ही बाहेर प्रार्थना करायचो आणि ती आत काकडी चिरायची. घर लहान, आत सगळं ऐकू जायचं. आम्ही रोज तिचं नाव घ्यायचो. एकदा मी घाईत होते, मंडळीतल्या आजारी माणसांची नावं घेतली आणि 'आमेन' म्हणणार, इतक्यात आतून आवाज आला, "उद्या माझा गणिताचा पेपर आहे."

आम्ही डोळे उघडून एकमेकांकडे पाहिलं.

"नुसतं सांगतेय," ती आतूनच म्हणाली.

यजमानांनी पुन्हा डोळे मिटले आणि गणितासाठी चांगली लांबलचक प्रार्थना केली. हसू आवरताना माझी पुरेवाट झाली.

अशी ती नववी पास झाली. तोवर तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्यांना मुलगा झाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी ते अचानक आमच्याकडे आले. झोपाळ्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आता घर नीट लागलंय. पोरीला घेऊन जातो. घरात बाळ आहे, तिची जरा मदतही होईल."

यजमान पहिल्या पाळीला गेले होते. "ते आल्यावर बोलू," एवढंच म्हणून मी चहा टाकायला आत गेले. ज्या माणसाला तेव्हा मुलगी ठेवता येत नव्हती, त्याला आता बाळ सांभाळायला ती हवी होती! माझ्या मागोमाग ती आत आली. "मामी, तुम्ही सांगा ना त्यांना, मी येत नाही म्हणून. तुम्ही बोललात तर ते ऐकतील."

मला तेच हवं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. आधण उकळेपर्यंत मी शेगडीसमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात देवाला म्हटलं, आता तूच सांग. आणि जे मनात आलं ते मला मुळीच आवडलं नाही. तो तिचा बाप होता. आईबापांचा मान राखावा हे मी दरवर्षी रविवारच्या वर्गात मुलांना शिकवत होते, आणि बाप चांगला असेल तरच, असं मी त्यात कधी जोडलं नव्हतं. आज मी तिच्या वतीनं त्याच्या तोंडावर दार लावलं असतं, तर ती आमच्याकडे राहिली असती, पण बापाबद्दलचा राग घेऊन राहिली असती.

"सुट्टीभर जाऊन ये," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "आणि मग?"

"मग तुला काय हवं ते तू स्वतः त्यांना सांग. रागानं नको, नीट सांग. इकडे यायचं असेल तर हे घर तुझं आहे."

"आणि त्यांनी पाठवलंच नाही तर?"

"पाठवतील."

मला ते कुठून ठाऊक होतं? ठाऊक नव्हतंच. पण बोलताना माझा आवाज डळमळला नाही. जे देवानं सांगितलं ते करायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, हे आजवर मी दुसऱ्यांना सांगत आले होते. त्या दुपारी ते स्वतः करून बघत होते.

यजमान घरी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. तिथे ते मेहुण्यांना एवढंच म्हणाले, "मुलगी तुमची आहे. फक्त तिचं मन विचारल्याशिवाय काही ठरवू नका."

ती गेल्यावर घर फार मोकळं मोकळं वाटायला लागलं. यजमानांचं जेवणात लक्ष नसायचं. मी मात्र बाजारात जाऊन तिची दहावीची पुस्तकं घेऊन आले आणि ओट्यावर बसून त्यांना खाकी कव्हरं घालायला लागले. शेजारच्या बेन बघत होत्या. "अने ना आवे तो?" त्यांनी विचारलं. नाही आली तर?

"आवशे," मी म्हटलं आणि पुढचं पुस्तक घेतलं.

मंडळीतल्या एकदोघींनी मला वेड्यात काढलं. हातातली मुलगी कुणी अशी देतं का, म्हणाल्या. मला वाईट वाटायचं, कधी कधी भीतीही वाटायची, पण आत कुठेतरी पाय टेकायला जमीन आहे असंही वाटत राहायचं. ते मला कुणाला नीट समजावून सांगता येत नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी ती आली. तिला घेऊन तिचे वडील स्वतः आले होते. जेवताना ते बोलायला लागले. त्यांची बायको मलेरियानं अंथरुणाला खिळली होती, आणि या मुलीनं बाळाचं आणि तिचंही सगळं केलं होतं. मग एके दिवशी ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मला म्हणाली, पप्पा, मी तुमच्यावर फार चिडले होते. आता नाही. पण मला बडोद्यालाच शिकायचंय. दर सुट्टीत इकडे येईन." ते ताटातल्या भाताकडे बघत बोलत होते. "वहिनी, तुम्ही माझ्याविरुद्ध तिला काही सांगितलं असतं तर मला चाललं असतं. मी तसाच वागलो होतो. पण तुम्ही काही सांगितलं नाहीत, हे मला पोरीच्या बोलण्यावरून कळलं."

मी त्यांना आणखी आमटी वाढली.

ती कॉलेजात गेली त्या वर्षी माझी दुखणी वाढली आणि डॉक्टरांनी गर्भाशय काढायला सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं जे मागत होते त्याचा दरवाजा आता कायमचा बंद. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी यजमान औषधं आणायला खाली गेले होते. मला आत न्यायची वेळ झाली. स्ट्रेचरच्या बाजूला फक्त ती होती. नर्सला तिनं हातानं थांबवलं, माझा हात धरला आणि डोळे मिटले. प्रार्थनेला बसायची थांबल्यापासून मी तिला कधी असे डोळे मिटलेलं पाहिलं नव्हतं.

"देवा," ती म्हणाली, "आईच्या वेळेला तू आमचं ऐकलं नाहीस. मला अजून कळलेलं नाही का ते. पण मामी म्हणते तुझ्यावर भरवसा ठेवायचा, म्हणून ठेवते. हिला नीट परत आण. आमेन."

मग डोळे उघडून मला म्हणाली, "घाबरू नकोस मामी. तू येणार आहेस परत."

ती मला 'तू' म्हणाली होती. आत नेत असताना मी तेवढंच ऐकत होते. त्या दिवशी मला कशाचंच दुःख झालं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण आपलं मागणं फुकट गेलं असं मला वाटलं नाही, आणि पुढेही कधी वाटलं नाही.

मी घरी आल्यावर संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी ती येऊन चटईवर बसली. यजमानांनी जरा सरकून तिला जागा दिली.

पुढे ती फिजिओथेरपी शिकली. मंडळीतल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या सकाळी देवळाच्या दारात वेगळाच घोळ झाला. नवरीला वेदीपर्यंत कुणी न्यायचं? तिचे वडील म्हणत होते, "तुम्ही वाढवलंत, तुम्हीच न्या." माझे यजमान म्हणत होते, "छे, बाप असताना मी कसा?" आत पेटी वाजवणाऱ्यानं सूर धरला होता आणि हे दोघं एकमेकांना पुढे करत होते.

"दोघंही चला," ती वैतागून म्हणाली, "मला उशीर होतोय."

तिनं एक हात वडिलांच्या हातात घातला, एक मामांच्या, आणि निघाली. मी पहिल्या रांगेत तिच्या धाकट्या भावाला धरून उभी होते. तिघं शेजारी शेजारी चालत होते. मधली वाट तशी अरुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना बाकांवर आत सरकावं लागत होतं, आणि सगळे हसत हसत सरकत होते.